मांडणी भिंतीला बांधण्याबाबत

२ फेब्रुवारी, सोमवार

चौतीस वर्षं कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून काढली. चार हजार डोक्यांवर हेल्मेट चढवली, त्यातली निम्मी डोकी हेल्मेटच्या लायकीची नसतानाही. आणि आज सकाळी साडेनऊला माझ्या पोटच्या पोरीने मला फोनवरून सुरक्षेचे धडे दिले. हे कुठेतरी नोंदवून ठेवलंच पाहिजे, म्हणून निवृत्तीनंतर दोन वर्षं कोरी पडलेली ही वही आज उघडली.

विषय असा. लेकीला नव्या नोकरीत दोन महिन्यांचं प्रशिक्षण आहे. तेवढे दिवस नातीला आमच्याकडे ठेवायचं चाललंय. नात दीड वर्षाची. एका जागी क्षणभर टिकत नाही म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणतात. १ मार्चला येणार. हिने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, तीन दिवसांपासून गाद्यांच्या खोळी धुवायला काढल्या आहेत. पण लेकीची एक अट आहे. आमच्या बैठकीच्या खोलीतली उंच मांडणी भिंतीला पक्की बांधल्याशिवाय ती पोरीला पाठवणार नाही. भिंगरी म्हणे हल्ली दिसेल त्यावर चढते.

मी म्हणालो, विषय विचाराधीन आहे. ती म्हणाली, बाबा, विचार करू नका, स्क्रू मारा. हे शिक्षणाचे परिणाम.

४ फेब्रुवारी, बुधवार

मांडणीची रीतसर पाहणी केली. जुन्या तपासणी तक्त्याची एक प्रत शिल्लक होती, तीच भरली. उंची सात फूट, खोली जेमतेम फूटभर, फळ्या पाच. सर्वांत वरच्या फळीवर मला मिळालेल्या नऊ ढाली, पितळी, प्रत्येकी अडीच-तीन किलो. त्याखालच्या दोन फळ्यांवर माझ्या अहवालांचे बांधीव खंड. मग शब्दकोश वगैरे किरकोळ. तळाला हिचं विणकाम आणि रद्दी. मानाच्या वस्तू वर आणि बिनमानाच्या खाली, अशी पद्धतशीर रचना आहे.

निष्कर्ष: मांडणी अठरा वर्षांत एकदाही पडलेली नाही, सबब पडण्याची शक्यता नाही.

तक्ता हिला वाचायला दिला. हिने तो वाचला, घडी केली, आणि उठून मांडणीच्या वरच्या कडेला एक बोट लावून जरासं ओढलं. मांडणी पुढे आली आणि परत मागे गेली. नऊच्या नऊ ढाली खणखणल्या. हिच्या बोटात ताकद फार आहे.

मग म्हणाली, कोपऱ्यावरच्या सुताराला सांगते, त्याचं अर्ध्या तासाचं काम. मी साफ नाही म्हटलं. त्या माणसाला मी या घरात पाय ठेवू देणार नाही. पूर्वी आमच्याच कारखान्याच्या गोदामात होता, आता सुतारकीचं दुकान टाकलंय. आदब म्हणून नाही. मी रस्त्याने जाताना दिसलो की हातातला रंधा थांबवतो आणि नुसता बघत राहतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. चालताना डावा पाय ओढतो, आणि मी समोर असलो की जरा जास्तच ओढतो, असं माझं निरीक्षण आहे.

ही खोळी वाळत घालायला गेली.

७ फेब्रुवारी, शनिवार

मी स्वतः काम करायचं ठरवलं. ड्रिल मशीन आणलं. दुकानदार विचारत होता, भिंत विटेची की सिमेंटची? म्हटलं, भिंत ती भिंत.

अकरा वाजता कामाला सुरुवात. हेल्मेट, गॉगल, हातमोजे, जाड तळाचे बूट. खोलीच्या दाराला पिवळी फीत बांधून हिला फितीबाहेर उभं केलं. ती म्हणाली, मला स्वयंपाकघरात जायचंय. म्हटलं, काम पूर्ण होईपर्यंत कोणालाही आत प्रवेश नाही. ती फीत उचलून खालून गेली.

पहिलं भोक. मशीन लोण्यात गेल्यासारखं आत गेलं. मी खूश. भोकात बसवायची ती प्लॅस्टिकची गिट्टी ठोकली, स्क्रू पिळला, तर स्क्रू नुसताच गोल गोल फिरायला लागला. जरा ओढला तर स्क्रू, गिट्टी आणि ताटाएवढा गिलावा, सगळं एकदम हातात आलं. बांधकामाचा दर्जा हा या देशाचा जुना प्रश्न आहे.

दुसरं भोक जरा बाजूला घेतलं. एक ठिणगी उडाली आणि घर अंधारलं. फ्रीज बंद, पंखा बंद, आणि आतून ही, "झालं?" असं म्हणाली. त्यात जो सूर होता तो नोंदवण्यासारखा नाही.

वायरमन संध्याकाळी आला. भोक बघून त्याने विचारलं की बटणाच्या बरोबर वर कोणी मारलं हे. मी म्हणालो, एका कारागिराने. तो म्हणाला, कारागीर बदला, साहेब. ही त्याला पाणी द्यायला आली होती, ती तोंडाला पदर लावून आत पळाली.

गिलावा पडलेल्या जागेवर माझा निवृत्ती-सत्काराचा फोटो लावला. तिथे खिळा धरत नव्हता म्हणून तो जाड चिकटपट्टीने चिकटवला. फोटो घट्ट बसला. आणि तिथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडला: भोक पाडायचंच कशाला?

१० फेब्रुवारी, मंगळवार

काम पूर्ण.

बाजारात एक चिकटवण्याचा पदार्थ मिळतो. नळीवर हत्तीचं चित्र आहे. लोखंडी अँगल घेतले दोन, एल आकाराचे. एक बाजू मांडणीच्या फळीला, एक बाजू भिंतीला, दोन्हीकडे भरपूर पदार्थ. दाबून धरून शंभर आकडे मोजले.

पण अँगलला भोकं असतात आणि भोकं रिकामी दिसत होती. लेकीची नजर घारीची आहे, फोटोत तिला दिसलंच असतं. इथे चौतीस वर्षांचा अनुभव कामी आला. तपासणीला येणारा अधिकारी स्क्रू ओढून बघत नाही. तो स्क्रूची डोकी मोजतो. आठ स्क्रू घेतले, करवतीने त्यांची डोकी कापली, आणि आठही डोकी त्याच पदार्थाने भोकांवर बसवली. इतकं नेटकं काम झालंय की मलाच क्षणभर खरं वाटलं.

फोटो काढून लेकीला पाठवला. तिचं उत्तर दोन मिनिटांत: "छान! ओढून बघितलंत ना?"

मी अंगठा पाठवला. अंगठा म्हणजे विधान नव्हे. अंगठ्याचा अर्थ घेणाऱ्याने घ्यायचा असतो.

नळीवर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलंय, लटकत्या वजनासाठी वापरू नये असं. मांडणी लटकत नाही, उभी आहे. त्यामुळे ते आपल्याला लागू होत नाही.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी चहाच्या बशीत, बिस्किटाच्या शेजारी, स्क्रूचं एक डोकं ठेवलेलं. नुसतं डोकं, खाली काही नाही. मी हिच्याकडे बघितलं. ती वर्तमानपत्र वाचत होती. म्हणाली, केर काढताना सापडलं.

मी म्हणालो, असेल कुठल्यातरी खेळण्याचं.

ती म्हणाली, आपल्या घरात खेळणी नाहीत अजून.

मी डोकं खिशात टाकलं आणि ती आंघोळीला गेल्यावर परत चिकटवलं. दर्जेदार पदार्थालाही सुरुवातीला जरा वेळ द्यावा लागतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

आमच्या इमारतीचे चिटणीस आले होते. येत्या शनिवारी रहिवाशांसमोर "घरातील सुरक्षा" या विषयावर मी बोलावं अशी त्यांची इच्छा. मुळात बालरोगतज्ज्ञांना बोलावलं होतं, त्यांनी ऐनवेळी नकार दिला. मी होकार दिला.

भाषणाला उदाहरण हवं म्हणून जुने खंड काढले. अकरा वर्षांपूर्वीचा गोदामातला प्रसंग सापडला, तो सांगण्यासारखा आहे. १७ ऑगस्टच्या अपघाताचा माझा अहवाल. गोदामातलं लोखंडी रॅक कलंडून एका गोदामवाल्याच्या पायावर पडलं. पाय गुडघ्याखाली चेपला, पुढे कामाचा राहिला नाही. कारण मी एका वाक्यात दिलंय: "सदर कामगाराने रविवारी, साप्ताहिक सुट्टी असताना, विनापरवाना गोदामात शिरून रॅकवर पाय दिला." माझी भाषा तेव्हाही स्वच्छ होती. सुट्टीतला आणि विनापरवाना अपघात कारखान्याच्या हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे ते वर्ष अपघातमुक्त ठरलं आणि नऊ ढालींतली सर्वांत मोठी ढाल आली. व्यवस्थापक स्वतः खुर्चीवरून उठून म्हणाले होते, तुम्ही कारखान्याची अब्रू राखलीत.

अहवालाला मागे दोन चिठ्ठ्या टाचलेल्या निघाल्या. त्याच गोदामवाल्याच्या, मार्च आणि जूनच्या. दोन्हींवर पेन्सिलने एवढंच: "रॅक हलतं. भिंतीला बांधा." दोन्हींखाली माझा शेरा: "विचाराधीन." टाचणी गंजून कागदाला डाग पडलेत. भाषणाशी त्यांचा संबंध नाही म्हणून त्या काढून वेगळ्या ठेवल्या.

ही खंड उचलून ठेवायला आली तेव्हा चिठ्ठ्या तिच्या हाती लागल्या. तिने वाचल्या. विचारलं, आता तुमच्या लेकीने काय सांगितलंय तुम्हाला? मी म्हटलं, त्याचा इथे काय संबंध? ती म्हणाली, काही नाही.

२१ फेब्रुवारी, शनिवार

भाषण उत्तम झालं. सात श्रोते, त्यातले दोघे पाणी भरायला आलेले. "सुरक्षा हा कागद नाही, सवय आहे" या वाक्याला टाळी मिळाली, चिटणिसांची. तळमजल्यावरच्या बाईंनी विचारलं की उंच कपाटं भिंतीला कशी बांधावीत. मी फोनमधला फोटो दाखवला. बाई म्हणाल्या, किती व्यवस्थित. मी स्क्रूची डोकी मोजून दाखवली.

साडेबाराला घरी आलो तर घराचं रूप बदललेलं. माझ्या नऊच्या नऊ ढाली तळाच्या फळीवर! वरच्या फळीवर रद्दीचे गठ्ठे! वर रद्दी आणि खाली सन्मान, हे बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही म्हणाली, पुसायला काढल्या होत्या, परत वर चढवायचा कंटाळा आला. भिंगरी जाईपर्यंत राहू द्या.

मी वाद घातला. ही ऐकते थोडीच.

आणखी काही निरीक्षणं. मांडणीच्या पायाशी फरशीवर पांढरी भुकटी. पदार्थ वाळताना असा थर सुटतो बहुतेक. सत्काराचा फोटो दोन बोटं डावीकडे सरकलाय. मोरीत दोन कपबशा उपड्या, म्हणजे शेजारीण येऊन गेली असणार. खोलीत ताज्या लाकडाच्या भुशासारखा वास आहे. हिला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला भास होतात.

१ मार्च, रविवार

भिंगरी आली.

लेकीने आल्या आल्या मांडणीकडे बघितलं आणि हात लावायला पुढे झाली. पण हिने मध्येच तिच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हणाली, मी बघितलंय ओढून. हिने ओढून बघितलंय? कधी? हिने माझी बाजू घेतली म्हणून मला बरं वाटलं, पण खोटं बोलण्याची सवय घराला चांगली नाही.

लेक संध्याकाळी गेली. जाताना भिंगरी रडली नाही, लेकच रडली.

५ मार्च, गुरुवार

आजचं अक्षर बघा.

सकाळी दहाची वेळ. ही मागच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होती. भिंगरीवर लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं. मी वर्तमानपत्र वाचत लक्ष ठेवत होतो. तळाच्या फळीवरच्या ढाली ती वाजवत बसली होती, खण खण. मग आवाज थांबला.

वर बघितलं तर भिंगरी तिसऱ्या फळीला लटकलेली. पाय दुसऱ्या फळीवर, दोन्ही हात तिसऱ्या फळीच्या कडेला, आणि सगळं अंग मागे टाकून ती मांडणी हलवायला बघत होती. हसत होती. झोका मिळावा म्हणून ओढत होती.

मला उठता येईना. त्या घरात त्या क्षणी एकट्या मला माहीत होतं की मागे डिंक आहे. सात फूट लाकूड, चौतीस वर्षांचे खंड आणि डिंक. मनात आकडे यायला लागले, मांडणी पुढे कलायला किती वेळ, पोरगी खाली यायला किती वेळ. आणि मला गोदाम दिसलं. खरोखर दिसलं. रॅक उचलायला आठ माणसं लागली होती, ते मी अहवालात लिहिलं नव्हतं.

मांडणी हलली नाही. भिंगरीने परत ओढली. एक केसभरही हलली नाही. ही गॅलरीतून आली, बघितलं, आणि घाई न करता, ओला टॉवेल खांद्यावर टाकून, पोरीला अलगद उतरवून घेतलं. मी अजून खुर्चीतच. ती चालत आली, पळत नाही, हे मी तेव्हाच बघायला हवं होतं.

अर्ध्या तासाने जरा जीवात जीव आल्यावर मी लेकीला फोन केला. म्हटलं, बघ, तुझ्या बापाने बांधलेली मांडणी. तुझी पोर तिसऱ्या फळीवर लोंबकळली, आणि काय झालं? काही नाही. लेक आधी घाबरली, मग म्हणाली, थँक यू, बाबा. मी म्हणालो, अनुभव म्हणतात याला.

फोन ठेवला आणि कौतुकाने अँगलवरून हात फिरवला. अँगल हातात आला. तो आला, दुसराही आला. आठही डोकी तळहातावर, चणे-फुटाणे घेतल्यासारखी.

मी दोन्ही हातांनी मांडणी ओढली. नाही हलली. स्टूल घेऊन वर चढलो, रद्दीचे गठ्ठे सरकवले. मागे दोन जाड अँगल, माझ्या अँगलच्या दुप्पट. प्रत्येकी चार स्क्रू, खालपर्यंत गेलेले. मध्ये एक लाकडी पट्टी, मांडणीच्या रुंदीची, भिंतीत चार ठिकाणी धरलेली. भिंतीवर पेन्सिलची एक बारीक रेघ, बटणापासून वर गेलेली, आणि तिच्याशी लिहिलेलं: "वायर. इथे भोक नको." सत्काराचा फोटो काढला तर मागचा गिलावाही भरून घोटलेला.

ते अक्षर मी ओळखतो. गंजलेल्या टाचणीखाली आहे माझ्याकडे.

६ मार्च, शुक्रवार

काल हिला काही विचारलं नाही. आज सकाळी भिंगरी झोपलेली असताना विचारलं.

"कधी आला होता?"

"तुमचं भाषण होतं तेव्हा."

"तू सांगितलंस त्याला? मी नाही म्हटलेलं असताना?"

"चिठ्ठ्या वाचल्या त्याच दिवशी सांगितलं."

मी विचारलं, तो काय म्हणाला. ही भाजी निवडत होती. म्हणाली, फारसं काही नाही. आधी एका बोटाने मांडणी ओढून बघितली आणि खाली बसला. बसूनच राहिला जरा वेळ. मग तुमचे ते अँगल बघितले. हसला नाही. म्हणाला, वहिनी, हे राहू देत, साहेबांना बरं वाटेल. काम संपल्यावर म्हणाला, वरचं वजन खाली घ्या. मग एकेक ढाल त्यानेच उतरवली. त्या मोठ्या ढालीवरचं साल वाचलं, सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि खाली ठेवली.

"आणि?"

"आणि काय. चहा प्यायला नि गेला. जिना उतरायला त्याला वेळ लागतो."

मला राग यायला हवा होता. माझ्या पाठीमागे, माझ्या घरात, माझ्या नजरेआड. मी बराच वेळ राग शोधला.

८ मार्च, रविवार

भिंगरीला घेऊन कोपऱ्यापर्यंत गेलो. एरवी मी त्या दुकानापाशी रस्ता ओलांडतो. आज ओलांडला नाही, कारण भिंगरी कडेवर होती आणि वाहनं फार होती. हे कारण मी घरून निघतानाच तयार करून ठेवलं होतं.

सुतार रंधा मारत होता. मला बघून थांबला, नेहमीसारखा. मी उभा राहिलो. रस्त्यात दोन-तीन वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. शेवटी म्हणालो, पट्टी चांगली बसलीये.

त्याने भिंगरीकडे बघितलं.

"पोर चढलं का, साहेब?"

"चढलं."

"हललं?"

"नाही."

त्याने मान डोलावली आणि परत रंधा चालवायला लागला. भिंगरीने लाकडाचा एक कुरळा ढलपा मागितला, त्याने दोन दिले. त्याचा पाय मी पहिल्यांदा नीट बघितला. माझ्यासाठी तो जास्त ओढत नाही. तो तेवढाच ओढतो.

घरी येऊन लेकीला फोन केला आणि मांडणी कोणी बांधली ते सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे, आईने काम झालं त्याच दिवशी फोटो पाठवला होता. म्हणजे पोर आली ती त्या फोटोवर. माझ्या अंगठ्यावर नव्हे. गुरुवारी फोनवर माझी एवढी फुशारकी ऐकून घेऊन ती थँक यू म्हणाली होती. पोरगी आईवर गेलीये.

९ मार्च, सोमवार

आज टेबलाशी बसून जुना अहवाल नव्याने लिहिला. कोरा छापील नमुना शिल्लक होता. कोणाला सादर करायचा ते माहीत नाही. कारखान्यात आता मला ओळखणारं कोणी नाही, आणि व्यवस्थापक केव्हाच वारले. तरी लिहिला.

दिनांक: १७ ऑगस्ट. ठिकाण: मुख्य गोदाम. घटना: रॅक कलंडून गोदाम कामगाराच्या डाव्या पायावर पडले. कारण: रॅक भिंतीला बांधलेले नव्हते, आणि जड माल वरच्या कप्प्यात होता. पूर्वसूचना: कामगाराने दोनदा लेखी दिली होती, सोबत जोडली आहे. जबाबदारी: सुरक्षा अधिकारी. सही.

एवढं लिहायला सकाळ गेली. जुना अहवाल मी वीस मिनिटांत लिहिला होता.

हिला वाचायला दिला. चष्मा लावून तिने सगळा वाचला. मला वाटलं, काहीतरी चांगलं बोलेल, निदान गप्प बसेल. तिने वरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"तारीख चुकलीये."

म्हटलं, चुकणार नाही, जुन्या अहवालातूनच उतरवली आहे.

"तीच चुकलीये. सतराला रविवार होता, अहो. गोदामाला कुलूप असायचं रविवारी. तो पडला सोमवारी, कामावर असताना."

मी म्हणालो, तुला काय माहीत? अकरा वर्षं झाली. आणि खरं सांगतो, म्हणताना मला स्वतःलाच तो रविवार होता असं वाटत होतं. इतक्या वेळा वाचलाय मी तो.

तिने चष्मा काढला.

"रविवारी तुम्ही पोटभर जेवून दुपारी झोपला होतात. सोमवारी घरी आलात, ताटावर बसलात आणि एक घास न घेता उठलात. मी विचारलं काय झालं, तर म्हणालात, काही नाही, एक तारीख बदलायची आहे."

भिंगरी खाली ढाली वाजवत होती. मी पेन उघडलं, सतरावर रेघ मारली आणि वर अठरा लिहिलं.